पाणी लागलं, म्हणून विहीर सोडली!

मित्रमैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. विहीर खणताना खाली पाणी लागलं, तर खणणारे काय करतील?

तुम्ही म्हणाल, हे काय कोडं झालं? नारळ फोडतील, गूळ-खोबरं वाटतील, नाचतील! बरोबर आहे तुमचं. पण आपल्याच देशात १९७४ साली एका विहिरीला पाणी लागलं आणि खणणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ती विहीर तशीच सोडून ते दुसरीकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून खणू लागले. त्यांना हवी होती कोरडी ठणठणीत विहीर! आणि गंमत म्हणजे हे घडलं कुठे, तर राजस्थानच्या वाळवंटात. जिथं घागरभर पाण्यासाठी बायाबापड्यांना मैलोन् मैल चालावं लागायचं, तिथं.

ही कसली विहीर? कोणी खणली? आणि जवळपास राहणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं? चला, जाऊनच बघू या. प्रवास लांबचा आहे. पाण्याची बाटली तेवढी भरून घ्या.

तळ्यांच्या मुलखातून

आपण निघणार आहोत आमच्या गोंदियाहून. नकाशा उघडा. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला बोट ठेवा. तिथून पलीकडे पाऊल टाकलं की एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला.

आमच्याकडे पाऊस भरपूर, वर्षाला १२०० मिलिमीटरहून जास्त. म्हणून शेतात धान, ताटात भात आणि गावागावांत तलाव. लहान तलावाला आम्ही बोडी म्हणतो. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी घालून, पाणी अडवून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. मालगुजारी संपली, तसे ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले आणि बोलता बोलता लोकांनी त्यांचे करून टाकले 'मामा तलाव'! नवेगावबांधचा तलाव तर इतका मोठा आहे, की पलीकडचा काठ बघायला डोळे बारीक करावे लागतात.

पण बाहेरगावी गेलं आणि "आम्ही गोंदियाचे," असं सांगितलं, की कोणी ना कोणी हमखास म्हणतं, "अरे बापरे, तिकडे काय आहे? नुसतं जंगल!" आम्हाला राग येतो. तिकडे आम्ही आहोत ना! आमची गावं आहेत, धानाच्या बांध्या आहेत, शाळा आहेत, मंडईच्या जत्रा आहेत. पण नकाशात नुसता हिरवा ठिपका दिसतो, म्हणून लोकांना वाटतं तिथं कोणी राहतच नाही.

हे "तिकडे काय आहे?" लक्षात ठेवा बरं का. पुढे लागणार आहे.

गाडी सुटली. तिरोडा गेलं, तुमसर रोड गेलं, भंडारा रोड आलं. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात आयुध निर्माणी आहे, म्हणजे लष्करासाठी स्फोटकं तयार करण्याचा कारखाना. आमच्या भागातली कितीतरी घरं त्या कारखान्याच्या पगारावर उभी राहिली. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तिथंच झालेल्या स्फोटात आठ कामगार प्राणाला मुकले. देशाच्या रक्षणासाठी लढणारा सैनिक आपल्याला दिसतो. त्याच्या हातातली दारू बनवणारा कामगार मात्र सहसा दिसत नाही, नाही का? आपण जिथं चाललोय, तिथली गोष्टही अशीच आहे. बरंचसं न दिसणारं.

पाऊस मागे राहिला

नागपूर, भोपाळ करत करत आपण जोधपूर गाठतो. वाटेत खिडकीबाहेरचा हिरवा रंग हळूहळू पुसट होत जातो. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारी गाडी धरली की बाहेर उरते ती वाळू, खुरटी झुडपं आणि मधूनच एखादा उंट.

फलोदी लागतं. हे गाव विसरू नका! १९ मे २०१६ रोजी इथं ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. आपल्या विदर्भातला उन्हाळा काही कमी नाही, पण ५१ म्हणजे कमालच झाली. आणि याच फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियातून हजारो क्रौंच पक्षी इथं मुक्कामाला येतात. गावकरी त्यांना 'कुरजां' म्हणतात आणि त्यांच्यासाठी रोज दाणे टाकतात. ज्यांच्या शेतात पिकण्याची खात्री नाही, ते पाहुण्या पाखरांसाठी धान्य काढून ठेवतात!

पुढे रामदेवरा. संत रामदेव यांची समाधी इथं आहे. हिंदू त्यांना रामदेवबाबा म्हणतात, मुसलमान रामसा पीर म्हणतात आणि भाद्रपदाच्या जत्रेला दोघंही येतात. आणखी थोडं पुढे गेलं की स्टेशनच्या पाटीवर नाव दिसतं : पोखरण.

उतरा, आलं आपलं ठिकाण.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू?

पोखरण हे जुनं गाव. लाल दगडाचा किल्ला आहे. इथल्या कुंभारांची मातीची भांडी नावाजलेली आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर आला. म्हणजे गोंदियात वर्षभरात पडतो, त्याच्या सहाव्या हिश्शाइतका.

मग माणसं जगतात कशी? अहो, फार हुशारीनं जगतात. अंगणातल्या जमिनीला उतार देतात आणि मधोमध एक बंद हौद बांधतात. त्याला म्हणतात टांका. पावसाचा थेंब न् थेंब उतारावरून त्या टांक्यात जातो आणि तो जपून जपून पुरवायचा. जैसलमेरकडे 'खडीन' असतात. म्हणजे उताराच्या टोकाला मातीची लांब पाळ घालायची. पाणी तिच्यामागे साचतं, जमिनीत मुरतं आणि मग त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. आठवलं का काही? आमच्या कोहळी लोकांनीही मातीची पाळच घातली होती ना! कमी पाऊस असो की जास्त, पाणी अडवायची अक्कल दोन्हीकडे सारखीच.

इथलं लाडकं झाड म्हणजे खेजडी. नाव नवं वाटलं? अहो, ही आपली शमी. दसऱ्याला पूजतो तीच. तिला मराठीत सौंदड असंही म्हणतात आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात सौंदड नावाचं एक गावसुद्धा आहे. खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी. त्यांची भाजी होते. पाला शेळ्या-उंटांना आणि सावली सगळ्यांना.

या भागात बिश्नोई समाजाची वस्ती आहे. 'बीस' आणि 'नोई', म्हणजे वीस आणि नऊ. गुरू जांभोजींनी घालून दिलेले २९ नियम ते पाळतात. हिरवं झाड तोडायचं नाही, प्राण्यांवर दया करायची, हे त्यांतलेच. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजाची माणसं झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. त्या दिवशी झाडं वाचवताना ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले.

एक झाड तोडलं तर जीव देणारी माणसं! त्यांच्या शेजारी, जमिनीच्या पोटात, आपल्या देशानं अणुबाँब फोडून पाहिला.

कोरड्या विहिरीची गोष्ट

पोखरणजवळ लष्कराचं खूप मोठं मैदान आहे. तोफा, बाँब, क्षेपणास्त्रं यांचा सराव तिथं चालतो. आत जायला तुम्हाआम्हाला बंदी. तेव्हा आपण कुंपणाबाहेर एका खेजडीखाली बसू आणि गोष्ट ऐकू.

मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या 'सायरस' अणुभट्टीतून प्लुटोनियम मिळालं होतं आणि त्यापासून शास्त्रज्ञांनी एक अणुस्फोटक तयार केलं होतं. ते फोडून पाहायचं होतं. पण कुठे? १९६३ च्या करारावर भारतानं सही केली होती. हवेत, पाण्याखाली किंवा अवकाशात चाचणी करायची नाही, असं त्यात ठरलं होतं. मग उरली जमीन. खोल खड्डा खणायचा, तळाशी स्फोटक ठेवायचं, वरून वाळू-सिमेंटनं खड्डा बुजवायचा आणि दूर जाऊन कळ दाबायची.

इतकं खोल कशासाठी? अणुस्फोट झाला की भोवतालचा खडक मेणासारखा वितळतो. थंड झाला की काचेसारखा घट्ट होतो आणि घातक किरणोत्सर्गी पदार्थांतला बराचसा भाग त्यात अडकून पडतो. खड्डा उथळ असला किंवा नीट बुजवला नाही, तर ते पदार्थ वर येऊन वाऱ्याबरोबर पसरतात. आणि खड्ड्याला पाणी लागलं तर? तारा, यंत्रं पाण्यात टिकणार कशी? शिवाय जमिनीखालचं पाणी एका जागी थांबत नाही, ते वाहतं. आता कळलं, कोरडी विहीर का हवी होती ते?

खणायचं काम दिलं होतं लष्कराच्या ६१ इंजिनिअर रेजिमेंटला. बाहेर काय सांगायचं? तर, मैदानासाठी पाण्याची विहीर खणतोय! जवान खणत राहिले आणि जानेवारी १९७४ मध्ये काय व्हावं? खरंच पाणी लागलं! झालं, सगळी मेहनत फुकट गेली.

मग नवी जागा शोधली. जवळच मलकी नावाचं ओसाड पडलेलं गाव होतं. तिथल्या विहिरी आटलेल्या होत्या. म्हणजे खाली पाणी नाही, याची खात्री. ज्या कारणानं माणसं गाव सोडून गेली असतील, त्याच कारणासाठी ती जागा पसंत पडली. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मला तर ते वाचताना कसंसंच होतं.

नवी विहीर १०७ मीटर खोल झाली. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा. तो विहिरीत उभा सोडला असता, तरी वर आणखी दहा मजली इमारत मावली असती! भर उन्हाळ्यात, कोंदट अंधारात, धुळीत जवानांनी ती खणली. आपण नेमकं काय खणतोय, हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक होतं. सगळा बेत मिळून जेमतेम ७५ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांना माहीत होता. घरच्यांनासुद्धा सांगायची सोय नव्हती.

१८ मे १९७४ चा दिवस उजाडला. सकाळी आठची वेळ ठरली होती. सेठी नावाचे एक इंजिनिअर जीप घेऊन विहिरीपाशी कॅमेरे तपासायला गेले आणि परत निघताना जीप सुरूच होईना! बाजूला अणुस्फोटक आणि जीप अडून बसलेली. काय अवस्था झाली असेल त्यांची! ते तडक पायी निघून आले. पण लष्कराचे लोक जीप ओढून आणायला गेले आणि त्यात पाच मिनिटं गेली. आठ वाजून पाच मिनिटांनी प्रणव दस्तिदार यांनी कळ दाबली. जमीन टेकडीसारखी वर उचलली गेली आणि मग खाली बसली.

राजा रामण्णा, होमी सेठना, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम ही नावं तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचली असतील. विहीर खणणाऱ्या जवानांची नावं मात्र कुठल्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत.

रात्री काम, दिवसा खेळ

पुढची गोष्ट १९९८ सालची. आता काम जास्त अवघड झालं होतं, कारण आकाशातून उपग्रह बघत होते. १९९५ च्या अखेरीला पोखरणमधली हालचाल अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली होती आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. या वेळी लष्कराच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटनं ठरवलं, आकाशातल्या डोळ्याला फसवायचं.

कसं? काम रात्री करायचं. पहाट व्हायच्या आत प्रत्येक यंत्र जिथं होतं तिथं नेऊन ठेवायचं, म्हणजे ते जागचं हललंच नाही असं वाटावं. उपसलेल्या वाळूचे ढीग वारा जसे रचतो तसेच रचायचे. तारा वाळूखाली पुरायच्या. आणि दिवसा? दिवसा जवान खेळताना दिसायचे. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय मजेत चाललंय!

शास्त्रज्ञही लष्करी गणवेश घालून वावरत. डॉ. अब्दुल कलाम झाले होते 'मेजर जनरल पृथ्वीराज' आणि डॉ. चिदंबरम 'मेजर जनरल नटराज'. विहिरींनाही टोपणनावं होती. दोनशे मीटरहून खोल असलेली 'व्हाइट हाउस', दुसरी 'ताजमहाल', तिसरी 'कुंभकर्ण'!

या मंडळींत आपला एक मराठी माणूस होता. डॉ. अनिल काकोडकर. त्यांचे आई-वडील, कमलाताई आणि पुरुषोत्तम काकोडकर, दोघंही स्वातंत्र्यचळवळीतले. अनिल मुंबईच्या रुपारेल कॉलेजात आणि व्हीजेटीआयमध्ये शिकले आणि तुर्भ्याच्या केंद्रात दाखल झाले. १९७४ च्या चाचणीच्या कामात ते होते आणि १९९८ मध्ये त्या केंद्राचे संचालक होते. अणुस्फोटकं मुंबईहून विमानानं जैसलमेरला आणि तिथून लष्कराच्या ट्रकमधून पोखरणला गेली.

११ मे १९९८. बुद्धपौर्णिमा. चाचणी सकाळीच व्हायची होती, पण वारा जोराचा आणि वस्तीकडे वाहणारा. चुकून काही वर आलंच तर? म्हणून सगळे थांबले. तासामागून तास गेले. वारा पडला आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास तीन स्फोट एकदम झाले. दोन दिवसांनी, १३ मे रोजी, आणखी दोन झाले. देशभर पेढे वाटले गेले. ११ मे हा दिवस आता 'राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन' म्हणून पाळतात.

वारा वस्तीकडे वाहत होता, म्हणून थांबले. म्हणजे तिथं वस्ती होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

खेतोलाईची माणसं

त्या वस्तीचं नाव खेतोलाई. पोखरणहून जैसलमेरच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. स्फोटाच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर. बहुतेक घरं बिश्नोईंची. गाई पाळायच्या, बाजरी-मूग पेरायचं, टांक्यातलं पाणी पुरवून वापरायचं, असं त्यांचं जगणं.

त्या दिवशी लष्कराचे लोक गावात आले. "घरात थांबू नका. मोकळ्यावर या, झाडाखाली बसा," म्हणाले. कारण? सराव आहे. गावाला सरावाची सवय होती. लोक म्हातारी माणसं, पोरंबाळं घेऊन मे महिन्याच्या उन्हात बाहेर बसले. दुपारी पायाखालची जमीन हादरली. भिंतींना तडे गेले. टांके फुटले.

आपल्याकडे टाकी फुटली तर प्लंबरला बोलावतात. वाळवंटात टांका फुटला, म्हणजे वर्षाचं पाणी वाळूत गेलं.

आपल्या शेजारी काय घडलं, हे खेतोलाईच्या लोकांनाही बाकीच्या देशाबरोबरच, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जाहीर केल्यावर कळलं. त्यांना अभिमान वाटला. का नाही वाटणार? देशाच्या कामाला आपली जमीन आली! थोड्याच दिवसांत वाजपेयी पोखरणला आले, मोठमोठे लोक आले, पत्रकार आले. पडलेल्या घरांसाठी थोडीफार भरपाई मिळाली. ती पुरेशी नव्हती, असं लोक म्हणतात.

मग पाहुणे गेले. गाव उरलं.

त्यानंतर गावकरी सांगत आले, की आमच्याकडे कॅन्सरचे रोगी वाढलेत, अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, गाईंना व्यंग असलेली वासरं होतात. अणुशास्त्रज्ञांचं आणि सरकारचं म्हणणं असं, की किरणोत्सर्ग जमिनीबाहेर आलाच नाही, सगळं काही सुरक्षित आहे.

मग खरं कोणाचं? मुलांनो, अशा वेळी घाई करू नये. एखाद्या गावात कॅन्सरचे रोगी दिसले, म्हणजे ते किरणोत्सर्गामुळेच झाले, असं लगेच म्हणता येत नाही. कॅन्सर तर सगळीकडेच होतो. पण "काही झालेलं नाही," एवढं सांगून गप्प करणंही विज्ञान नव्हे. विज्ञान म्हणजे मोजणं. किती रोगी, कुठल्या वयाचे, शेजारच्या गावांत किती, पाण्यात काय, दुधात काय. वर्षानुवर्षं मोजायचं आणि जे निघेल ते गावाला त्याच्या भाषेत सांगायचं. खेतोलाईचे लोक नेमकं हेच मागत आले : नीट तपासणी करा, जवळ चांगला दवाखाना द्या. या मागणीत देशाविरुद्ध काही आहे का? मला तर वाटतं, दोनदा देशासाठी मुकाट्यानं उन्हात बसलेल्या माणसांनी एवढं मागणं अगदी रास्त आहे.

'तिकडे काय आहे?'

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. पृथ्वीचा गोल घ्या आणि बोट फिरवा.

अमेरिकेनं १९५१ पासून नेवाडाच्या वाळवंटात चाचण्या केल्या. सुरुवातीला तर उघड्या हवेत! वाऱ्याच्या वाटेवरच्या गावांत राखेसारखी धूळ पडली. तिथल्या लोकांना भरपाई देण्याचा कायदा व्हायला १९९० साल उजाडलं. ब्रिटननं ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगा या ओसाड भागात स्फोट केले. तिथं हजारो वर्षांपासून आदिवासी राहत होते. फ्रान्सनं १९६० मध्ये अल्जीरियाच्या सहारात, चीननं १९६४ मध्ये लोप नोरच्या वाळवंटात पहिली चाचणी केली. सोविएत संघानं कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कच्या माळरानावर ४० वर्षांत ४५६ चाचण्या केल्या. तिथल्या लोकांनी मोठी चळवळ केली आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते मैदान बंद झालं. म्हणून २९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस मानतात. आणि आपल्या चाचण्यांनंतर दोनच आठवड्यांनी, मे १९९८ च्या अखेरीस, पाकिस्ताननं बलुचिस्तानातल्या चागाईच्या डोंगरात आणि खारानच्या वाळवंटात स्फोट केले.

प्रत्येक वेळी कोणीतरी नकाशावर बोट ठेवून म्हणालं असेल, "तिकडे काय आहे? नुसती वाळू!"

आठवलं ना हे वाक्य? आणि प्रत्येक वेळी तिकडे कोणी ना कोणी होतंच. मेंढपाळ होते, आदिवासी होते, बिश्नोई होते. कोणाचा तरी टांका होता, कोणाची तरी गाय होती.

भारतानं १९९८ नंतर आपणहून चाचण्या थांबवल्या आहेत. अणुबाँब असावा की नसावा, यावर मोठ्या माणसांचं एकमत नाही. तुम्ही मोठे झालात की वाचा, विचार करा, भांडासुद्धा! पण एका गोष्टीवर आपलं आत्ताच एकमत व्हायला हरकत नाही. जिथं काही करायचं, तिथं राहणाऱ्यांना निदान खरं सांगावं आणि नंतर त्यांची विचारपूस करावी.

दोन उंच पक्षी

परत फिरण्याआधी कुंपणापलीकडे एकदा नीट बघा. नशीब चांगलं असेल तर गवतातून डौलानं चालत जाणारा एक उंच, तपकिरी पक्षी दिसेल. हा माळढोक. राजस्थानात याला 'गोडावण' म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला याच्यासाठीच अभयारण्य केलं, पण आता तिथं त्याचं दर्शन दुर्मीळ झालंय. देशभरात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत आणि त्यांतले काही राहतात या लष्करी मैदानात! माणसांची वर्दळ नाही, नांगर नाही, गवत शाबूत. बाँब पडतात तिथं पिल्लं वाढतात. आहे की नाही अजब?

त्याला आज भीती आहे ती विजेच्या तारांची. उडताना त्या त्याला वेळेवर दिसत नाहीत. आणि आमच्या गोंदियात? आमच्या धानाच्या शेतातला सारस, माणसाएवढा उंच, जोडीदाराला न सोडणारा. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय. तोही तारांना धडकून मरतो. एक तळ्याकाठचा, एक वाळवंटातला. तारा दोघांच्याही वाटेत आहेत. त्या ओढणाऱ्यालाही बहुधा वाटलं असेल, इथं काय आहे? मोकळं रान!

चला, आता गाडीत बसू. जोधपूर गेलं, भोपाळ गेलं, नागपूर आलं. हिरवा रंग परत आला. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा. आणि हे आलं गोंदिया. स्टेशनबाहेर पहिला नळ दिसला की पोटभर पाणी प्या, पण नळ बंद करायला विसरू नका.

आता एक काम देतो. घरी नकाशाचं पुस्तक असेलच. त्यातली एक जागा शोधा, जिथं एकही नाव छापलेलं नाही. मग आईबाबांना, आजीआजोबांना, भूगोलाच्या बाईंना विचारा, "इथं कोण राहतं?" उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मिळालं की त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलीनं ते नाव लिहून टाका. माझ्या नकाशात मी लिहिलंय : खेतोलाई.